दोन ओळींचा अभिप्राय

ग्रंथालयात पुस्तक परत करावयास आलेल्या वाचकाला ‘कसे वाटले?’ असे विचारले, तर ‘चांगले आहे’ यापलीकडे सहसा काही हाती लागत नाही. लग्नघरी जेवून उठलेला पाहुणा यजमानाला जी पोच देतो, तिच्याच जातीचे हे उत्तर. त्यात पुस्तक नसते आणि वाचकही नसतो. याच वाचकाला कचेरीतल्या मधल्या सुट्टीत, आजूबाजूला कोणी विद्वान नाही अशी खात्री पटल्यावर बोलते केले, तर तो एकेका पुस्तकाविषयी दोनच वाक्ये बोलेल. पण ती त्याची स्वतःची असतील. पुष्कळदा ती रूढ मताच्या विरुद्ध जातील, आणि नेमकी म्हणूनच तो ती चारचौघांत उच्चारीत नाही.

हा संकोच दूर झाला तर काय ऐकू येईल? वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ला १९७४ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक लाभले. तरीही एखादा वाचक म्हणेल की कच इतका निर्दोष आहे की त्याच्याशी मैत्री जमत नाही, आणि देवयानीच्या रागाला लेखकाने पुरता न्याय दिलेला नाही. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’वर (१९६७) दुसरा प्रेम करीत असेल, पण कर्ण बोलो, कुंती बोलो की दुर्योधन, साऱ्यांच्या तोंडी तीच अलंकारिक भाषा का, हा प्रश्न त्याला छळत असेल. ही मते चुकीची असू शकतील. परंतु ती पुस्तक उघडून, शेवटपर्यंत वाचून झालेली आहेत, हे त्यांच्यावरूनच कळते.

उलट काही पुस्तकांवर वाचकाचे प्रेम असे असते की त्याचे कारण समीक्षेच्या परिभाषेत सापडतच नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चेच पाहावे. पतीने १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. एवढे सोसलेल्या स्त्रीने सबंध पुस्तकात कोठेही वाचकाकडे कीव मागितलेली नाही, उलट त्याला हसविले आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’विषयी (१९७८) इतकेच म्हणता येईल की सांगताना लेखकाला लाज वाटत होती आणि त्याने ती लाजेसकट सांगितली. विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ (१९३९) पुन्हा वाचावेसे वाटते, मात्र कोणाला भेट द्यावयास हात धजत नाही.

परंतु या साऱ्यांहून बोलके उदाहरण ‘श्यामची आई’चे. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यातल्या बेचाळीस रात्री मराठी घरांत किती वेळा मोठ्याने वाचल्या गेल्या असतील, याची गणती नाही. त्याविषयीचे मतही ठरून गेले आहे: मातृप्रेमाचे मंगल स्तोत्र, डोळ्यांतले पाणी, संस्कार. आता चाळिशी उलटलेला, घराच्या कर्जाचे हप्ते फेडणारा एखादा कारकून ते पुन्हा हाती घेतो. या वेळी त्याची नजर आईवर नव्हे, वडिलांवर खिळते. एके काळच्या सुखवस्तू घराचा उतरत गेलेला डोलारा, सावकाराचा तगादा, दारात उभ्या राहिलेल्या वसुलीच्या माणसापुढे घरच्या बाईचा झालेला अपमान. त्याला वाटते, हे पुस्तक जितके आईचे आहे तितकेच कर्जाचे आहे. हे मत कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेत नसेल. पण पुस्तकातल्या मजकुरावर बोट ठेवून ते सिद्ध करता येते, आणि त्यामुळे आईचा मोठेपणा रतीभरही कमी होत नाही.

असे वाचक मोठेपणी मुके का होतात, याचे उत्तर बहुधा शाळेत आहे. ‘माझे आवडते पुस्तक’ हा निबंध लिहिला नाही असा विद्यार्थी विरळा. त्यात पुष्कळ वेळा ‘श्यामची आई’च येते, आणि वाक्ये येतात ती मार्गदर्शकातली. पुस्तक न वाचताही हा निबंध उत्तम लिहिता येतो, हे मुलांना ठाऊक असते आणि मास्तरांनाही. ज्या मुलाने पुस्तक खरोखर वाचले आणि ‘मला रडू आले नाही, पण श्यामला आईने रागावलेला प्रसंग आवडला’ असे लिहिले, त्याचे गुण जावेत आणि पाठ केलेल्या अश्रूंना ते मिळावेत, हा व्यवहार चमत्कारिक आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला (१९५५) राजाराम मास्तर धनगरांच्या पोरांना अक्षर शिकविण्यासाठी माळ तुडवीत गेला, तो त्या पोरांनी दुसऱ्याचे मत सुवाच्य अक्षरात उतरवावे म्हणून खास नव्हे.

यावर आक्षेप निघेल की अशा सुट्या मतांनी समीक्षेचे काय होणार? ‘कंटाळा आला’ एवढ्यावर पुस्तकाचा निकाल लागू लागला, तर कोणतेच अवघड पुस्तक टिकावयाचे नाही. आक्षेप योग्य आहे. ‘कंटाळा आला’ हा अभिप्राय नव्हेच. कोठे आला आणि का, हे सांगितले की तो अभिप्राय होतो. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’चा (१९६३) नायक पांडुरंग सांगवीकर स्वतःच कंटाळ्याचा भाष्यकार. त्याच्या पुण्यातील दिवसांत एखाद्याचा जीव रमला नाही आणि मनीच्या मृत्यूपाशी मात्र तोच वाचक पुस्तक मिटून बसून राहिला, तर त्या दोन ओळींत कादंबरीविषयी बरेच काही सांगितले गेले.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला, आणि गावोगावच्या ग्रंथालयांना त्याचा आधार मिळाला. पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आत तारखांचे शिक्के उमटविण्यासाठी एक चिठ्ठी डकविण्याची पद्धत या ग्रंथालयांत रुळली. पुस्तक किती जणांनी नेले, हे त्या चिठ्ठीवरून कळते. कोणाला काय वाटले, हे कळत नाही. तिच्याशेजारी आणखी एक कोरा कागद डकविता येईल. नाव लिहिण्याची सक्ती नसावी, आणि दोन ओळींहून अधिक लिहिण्याचीही नसावी. शाळेच्या कपाटातल्या पुस्तकांपासून आरंभ केला तर खर्च डिंकाच्या एका बाटलीचा.