वऱ्हाडचा विद्यार्थी आणि अर्जातला ‘अनुभवा’चा रकाना

अमरावती-अकोल्याकडे महाविद्यालयांतून मार्गदर्शन शिबिरांचे अमाप पीक आले आहे. शिष्यवृत्तीच्या अगर नोकरीच्या अर्जात इतरांहून उठून कसे दिसावे, हा त्यांचा ठरलेला विषय. नेतृत्वगुण दाखवा, छंद लिहा, अनुभव मांडा, असे वक्ता सांगतो आणि दर्यापूर, मूर्तिजापूर, धारणीहून एस.टी.ने आलेली मुले ते वहीत उतरवून घेतात. हा सल्ला सर्वस्वी खोटा नाही. परंतु एकाच खोलीतल्या सर्वांनी एकाच वेळी उठून दिसावे, हे गणित जमायचे कसे, असे कोणी विचारीत नाही.

२०२३ ची तलाठी भरती आठवावी. जागा साडेचार हजारांच्या थोड्या वर, अर्ज दहा लाखांहून अधिक. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त उमेदवार. अर्जाचे शुल्क खुल्या प्रवर्गास १,००० रुपये, राखीव प्रवर्गास ९००. कापूस वेचणाऱ्या बाईची ही तीन-चार दिवसांची मजुरी. शासनाने ती नोकरी देण्यासाठी नव्हे, नोकरी मागू देण्यासाठी घेतली; आणि २१ ऑगस्टला सर्व्हर बंद पडून परीक्षार्थी केंद्रांबाहेर ताटकळले ते निराळेच. दोनशेंपैकी एकाची निवड झाली, तर उरलेल्यांच्या अंगी गुण नव्हता असा निष्कर्ष काढणे सत्ताधाऱ्यांच्या फार सोयीचे असते. जागा का नाहीत हा प्रश्न मागे पडतो आणि मुलगा आपल्याच अर्जातले दोष शोधीत बसतो.

वऱ्हाडात या विषयावर बोलताना पंजाबराव देशमुखांचे नाव हटकून घेतले जाते. पापळसारख्या खेड्यातला, १८९८ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला मुलगा १९२० मध्ये विलायतेस गेला, एडिंबरोस संस्कृतच्या संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळविता झाला आणि वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डचा डॉक्टर होऊन परतला. शिबिरांतली गोष्ट येथे संपते. खरे पाहता ती येथे सुरू होते. परत आलेल्या पंजाबरावांनी इतर मुलांना उठून दिसण्याचे धडे दिले नाहीत. सर्व जातींच्या मुलांना राहता यावे म्हणून अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले, अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रहात उतरले आणि १९३२ मध्ये शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. एकट्याने निवडून येण्यापेक्षा निवडीची चाळणीच रुंद करावी, हा त्यांचा निर्णय होता. त्यांच्या राजकारणाशी समाजवाद्यांचे मतभेद होते. या कामाबद्दल ते असण्याचे कारण नाही.

आता २०२२ सालचा एक नियम पाहावा. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. साऱ्या देशासाठी जागा अवघ्या १२५. त्या वर्षी केंद्राने ठरविले की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. जात-प्रवर्गाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तर पंजाबरावांचा वैदिक धर्मावरील प्रबंध या नियमात बसला नसता. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियास गेलेल्या आंबेडकरांनी १९१६ मध्ये तेथे जातिसंस्थेवर निबंध वाचला. तोही विषय बाद झाला असता. शेतमजुराच्या मुलाने परदेशी जाऊन यंत्रे शिकावीत, आपल्या बापाच्या दारिद्र्याचा इतिहास मात्र शिकू नये, असा याचा अर्थ होतो. अर्ज कितीही देखणा लिहा, विषयाच्या दारावरच कुलूप!

तरीही विद्यार्थ्याने लिहावे काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो टाळणे हा कार्यकर्त्यांचा आळस ठरेल. अनुभवाच्या रकान्यात वऱ्हाडी मूल ‘निरंक’ लिहिते. अकोटकडची एखादी मुलगी आईबरोबर कापूस वेचावयास जाते, दहा बायांच्या वजनांचा हिशेब ठेवते, मापात खोट आली तर शेतमालकाशी भांडते. पण हा अनुभव आहे असे तिला कोणी सांगितलेले नसते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला मुलगा खाऱ्या पाण्याने जमिनीचे आणि माणसांच्या मूत्रपिंडांचे काय होते ते घरी पाहतो आणि अर्जात मात्र ‘पर्यावरणाची आवड’ असे गुळमुळीत वाक्य लिहितो. मेळघाटातला विद्यार्थी कोरकू, मराठी, हिंदी अशा तीन भाषांत दवाखान्यात दुभाषेपण करतो आणि कोरकू ही भाषा अर्जात लिहिण्यास लाजतो. ही लाज त्याला शाळेने शिकविली. जे केले ते नेमके, साध्या शब्दांत, गावाच्या नावासह आणि आकड्यासह लिहिले तर शिबिरातल्या ठोकळ वाक्यांपेक्षा ते परीक्षकाला सहज दिसेल. यात दयेची याचना नाही; केलेल्या कामाची नोंद आहे.

अर्थात नोंद करण्यापूर्वी दाखले हवेत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर: जून-जुलैत तहसिलीच्या आवारात आणि सेवा केंद्रांपुढे जी रांग लागते, तिच्यात वर्ष वाया जाण्याची भीती उभी असते. पेरणीच्या ऐन दिवसांत बापाने मजुरी बुडवायची ती एका शिक्क्यासाठी. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस पालकाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. अकरावी-बारावीत घरून ये-जा करणाऱ्यास निर्वाहभत्ता मिळतो वर्षाला २,५०० रुपये. एवढ्यासाठी किती खेटे!

शासनाजवळ ज्या नोंदी आधीच आहेत, त्यांचे दाखले विद्यार्थ्याकडे मागू नयेत, ही मागणी तालुक्यातालुक्यांतून रेटली पाहिजे. भरतीचे शुल्क रद्द झाले पाहिजे. निर्वाहभत्ता सत्र सुरू होताना हाती पडला पाहिजे. परीक्षा संपल्यावर आलेल्या पैशाने मेसचे बिल भागत नाही, सावकाराचे भागते. आणि तोपर्यंत दर्यापूर, अकोट, धारणीच्या साथींनी जूनपासून आठवड्यातून दोन संध्याकाळी कचेरीजवळ टेबल मांडून बसावे. सोबत अर्जांचे नमुने, एक कोरकू जाणणारा कार्यकर्ता आणि कच्च्या मसुद्यासाठी कोऱ्या कागदांची एक वही ठेवावी.