एका फुटाला एक इंच

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घाटंजीत लाकडी बैलांचे राज्य असते. खरे बैल आदल्या दिवशी मिरवून गोठ्यात परतलेले असतात. भाद्रपद प्रतिपदेला मुले आपापले चाकांवरचे नंदी सजवून, दोरीने ओढत रस्त्यावर आणतात. हा आमच्या विदर्भाचा तान्हा पोळा. घरोघरी त्या बैलाला ओवाळतात आणि मुलाच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर चार पैसे, ठेवतात. ठिकठिकाणी बक्षिसेही असतात: उत्तम सजावटीला, उत्तम वेशभूषेला, सर्वांत मोठ्या बैलाला.

दरवर्षी मी ही गंमत पाहतो आणि दरवर्षी एकच गोष्ट खटकते. बैल कोणी केला, हे कोणी विचारीत नाही. पूर्वी तो गल्लीतल्या सुताराने केलेला असे आणि आपला बैल होईपर्यंत मूल त्याच्या दाराशी बसून राही. आता बहुतेक बैल बाजारातून येतात. सजावट आईची, बैल दुकानाचा आणि बक्षीस मुलाचे!

खटकण्याचे कारण माझ्या छंदात आहे. मी लहान वस्तू करतो. जाते, उखळ, चूल, पाटा-वरवंटा, बंडी, वखर, पण सारे बोटभर. लोक त्याला भातुकली म्हणतात आणि वयाकडे पाहून हसतात. सुरुवातीला मीही त्याला खेळच समजत होतो. तो गैरसमज एका म्हाताऱ्या सुताराने दूर केला.

मी नजरेच्या अंदाजाने एक बंडी केली होती. मोठ्या अभिमानाने ती त्याच्याकडे नेली. त्याने ती हातात घेतली, उलटी केली, चाकाचे आरे मोजले आणि म्हणाला, ‘‘भाऊ, अकरा आरे? मोठं चाक कधी नीट पायलं काय?’’ मी जन्मभर बंड्या पाहत आलो होतो. पण चाक पाहिले नव्हते. त्याने समजावून दिले. चाकाचा घेर अखंड नसतो, वाकड्या तुकड्यांचा जोडलेला असतो. एकेका तुकड्यात दोन-दोन आरे बसतात. सहा तुकडे, तर आरे बारा. अकरा आऱ्यांचे चाक उभेच राहू शकत नाही. वरची लोखंडी धाव घेरापेक्षा किंचित लहान करतात, तापवून फुगवतात, लाल असतानाच चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. लोखंड आकसते आणि साऱ्या जोडांना आवळून धरते. खिळ्यापेक्षा ही पकड मोठी.

त्या दिवशी मला कळले की वस्तू लहान करायची, तर आधी मोठी वस्तू पुरती समजून घ्यावी लागते. चित्रात चूक झाकता येते. हातात फिरवून पाहायच्या वस्तूत ती झाकत नाही.

तेव्हापासून आमचे माप ठरले, एका फुटाला एक इंच. पाच फुटांचे चाक पाच इंचांचे होते, सव्वा फुटाचे जाते सव्वा इंचाचे. हिशेब सोपा वाटतो, पण निसर्ग त्यात बसत नाही. लिटरभर पाण्याच्या हंडीचा बारावा भाग केला की तिच्यात अर्ध्या मिलिलिटरहून किंचित जास्त पाणी मावते आणि ते ओतले जात नाही, थेंब होऊन काठाला चिकटते. आमच्या जिल्ह्याला सागवानाचा अभिमान. पण सागाच्या रेषा मोठ्या. इंचभराच्या पाटावर त्या नांगरटीसारख्या दिसतात. त्यासाठी हळदूचे घट्ट, बारीक पोताचे लाकूड बरे.

हे हळदूचे गुपित मी दोन वर्षे कोणाला सांगितले नाही, हे कबूल केले पाहिजे. छंदी माणसात एक कृपण दडलेला असतो. आपल्यासारखे दुसऱ्याला जमू नये, असे त्याला आतून वाटत असते.

हा कृपणपणा किती महाग पडतो, ते सुतार गेला तेव्हा उमगले. मी तिफन करायला घेतली होती. तिचे तीन फण, त्यांत उतरणाऱ्या तीन नळ्या आणि वर बी सोडण्याचे चाडे, सारे तयार झाले. पण फण कोणत्या कोनात बसवायचे? त्या कोनावर बी किती खोल पडेल ते ठरते. ‘पुढल्या आठवड्यात विचारू’ म्हणत राहिलो आणि तो पुढला आठवडा आलाच नाही. त्याची सारी मापे त्याच्या हातात होती. कागदावर एकही नव्हते. मी माझे त्याला दिले नाही, त्याचे मी मागून घेतले नाही. अर्धी तिफन वर्षभर टेबलावर पडून होती.

अखेर मी चार जणांना घरी बोलावले. एक शिंपी, एक सोनार, एक शिक्षिका, एक निवृत्त पोस्टमन. प्रत्येक जण गुपचूप काही ना काही लहान करणारा निघाला! शिंप्याच्या सासुरवाडीला गोठ्याच्या माळ्यावर मोडकी तिफन होती. तिची मापे तो उतरवून घेऊन आला आणि माझे फण बसले. आता आम्ही महिन्यातून एका रविवारी जमतो. नियम एकच: जे जमले ते सांगायचे आणि प्रत्येक मूळ वस्तूचे माप सामाईक वहीत लिहायचे.

हा छंद एकट्याचा नाही, याची साक्ष साता समुद्रापारही आहे. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी 1921 ते 1924 या काळात एक बाहुलीघर बांधले गेले. ते आज विंझर किल्ल्यात आहे. त्याचे वास्तुकार तेव्हा नवी दिल्ली रचणारे लट्येन्स आणि मापही तेच, फुटाला इंच. त्यातली उद्वाहने चालतात, नळांना पाणी येते, ग्रंथालयात नामवंत लेखकांनी लिहिलेली चिमुकली पुस्तके आहेत. त्यासाठी दीड हजारांवर कलावंत आणि कारागीर राबले. आपल्याकडे पुण्याच्या विलास करंदीकरांनी जुन्या भातुकलीचा मोठा संग्रह करून त्याची प्रदर्शने भरवली. तिथे आजी नातीला बंब, रोवळी, शेवगा दाखवते आणि नात पहिल्यांदाच ते शब्द ऐकते.

शब्द ऐकते, हेच महत्त्वाचे. आमच्या लहानपणी ज्वारीच्या धांड्यांच्या बैलगाड्या कोणीही करी. आता सोयाबीन आले, ज्वारी हटली. धांडेच नाहीत तर गाडी कुठली? पेरणी ट्रॅक्टरने होते, दळण गिरणीत जाते. याचा मला शोक नाही. जाते ओढून ज्यांचे खांदे गेले, त्या बायकांना विचारा, त्या ते परत मागणार नाहीत. वस्तू जावोत. पण ती कशी चालत होती, हे ज्ञान तिच्याबरोबर का जावे? बारा आरे का, फणाला तोच कोन का, हे जाणणारी बुद्धी उद्या दुसऱ्या यंत्रालाही उपयोगी पडेल.

म्हणून तान्ह्या पोळ्याच्या मंडळांना माझी एक विनंती आहे. आहेत ती बक्षिसे राहू द्या. आणखी एकच वाढवा, स्वतःच्या हाताने केलेल्या बैलाला. तो वाकडा असेल, एक शिंग आखूड असेल, चाक अडखळेल. परीक्षकांनी मुलाला एवढेच विचारावे, ‘‘हे चाक कसं बसवलंस?’’ ज्याला सांगता येईल, बोजारा त्याचा.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनो, माळ्यावर एखादी मोडकी तिफन, गळका बंब, फुटके जाते पडले असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी मुलांच्या हाती एक फूटपट्टी द्या. मापे तेवढी उतरवून घ्या. मग वस्तू गेली तरी चालेल.