पुडीवर बंदी, पोत्याला मोकळीक

महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे, हे वाक्य राजारामपुरीतील एखाद्या पानटपरीसमोर उभे राहून कोणी गंभीरपणे उच्चारले, तर ऐकणारे हसल्याशिवाय राहणार नाहीत. हे हसू आम्हांस गुटख्याइतकेच घातक वाटते. गुटखा खाणाऱ्याचे तोंड नासते. पण ज्या कायद्याला लोक हसू लागतात, त्या कायद्याबरोबर इतर कायद्यांचीही पत जाते.

राज्य सरकारने जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली. अन्नसुरक्षा कायद्याच्या ३० व्या कलमाप्रमाणे असा आदेश एका वेळी एका वर्षापुरताच काढता येतो, म्हणून तो वरचेवर नव्याने काढावा लागतो. आदेश निघतो, छापे पडतात, जप्त मालाच्या ढिगाजवळ छायाचित्रे घेतली जातात, आणि व्यवहार पूर्ववत् चालू राहतो. एका तपाहून अधिक काळ हा क्रम चालल्यावर, बंदीचा उपयोग झाला काय, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नागरिकांस निश्चितच आहे.

कायद्याचा आधार कच्चा होता, ही सबब आता उरलेली नाही. २००२ साली महाराष्ट्राने पाच वर्षांसाठी घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००४ मध्ये घोडावत पानमसाला खटल्यात रद्द ठरविली, हे खरे. परंतु गुटखा निरुपद्रवी आहे असा त्या निकालाचा अर्थ नव्हता. प्रश्न राज्याच्या अधिकाराचा होता. पुढे २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला आणि २०११ च्या नियमांनी कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू अथवा निकोटीन मिसळण्यास मनाई केली. कायद्याचे हत्यार हाती आहे. ते कोणावर चालविले जाते, एवढाच प्रश्न आहे.

आता फळ पाहू. प्रौढांच्या तंबाखूसेवनाची देशव्यापी पाहणी २००९-१० साली झाली, तशीच २०१६-१७ सालीही झाली. या अवधीत महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखू सेवन करणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २७.६ वरून २४.४ वर आले. घट झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच अवधीत धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ६.६ वरून ३.८ वर उतरले. विडी-सिगारेटवर बंदी नव्हती, तरी ती ओढणारे दोन पंचमांशांनी कमी झाले. गुटख्यावर बंदी होती, तरी तंबाखू चघळणारे जेमतेम एक अष्टमांशाने घटले. याचा अर्थ विचारी वाचकांनीच लावावा.

आमच्या मते अर्थ असा. ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानास मनाई झाली आणि ती समाजाने उचलून धरली. बसमध्ये कोणी विडी पेटविली तर शेजारचा प्रवासी हरकत घेतो. घरी आलेला पाहुणा सिगारेट ओढण्यापूर्वी अंगणात जातो. तेथे पोलीस नसतो, लोकलज्जा असते. गुटख्याच्या बाबतीत मात्र आपण सारा भार निरीक्षकाच्या खांद्यावर टाकून मोकळे झालो.

त्यातून ही बंदी पुडीवर आहे, पोत्यावर नाही. कोल्हापूरहून निपाणी चाळीस किलोमीटरांच्या आसपास. मध्ये राज्याची सीमा केवळ नकाशावर आहे, भाषेत नाही आणि व्यापारात तर नाहीच. कर्नाटकानेही २०१३ साली गुटख्यास बंदी केली. परंतु गुटखा बंद झाला की पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशी जोडी बाजारात येते. घेणारा दोन्ही तळहातावर एकत्र करतो, आणि कायदा पाहत राहतो. आपल्याकडे तर मावा आहेच. सुपारी, चुना व तंबाखू प्लॅस्टिकच्या कागदात घोटून केलेल्या या मिश्रणावर ना निर्मात्याचे नाव, ना इशारा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, त्यातला हा प्रकार. टपरीवाला संन्यासी नव्हे, हे आम्ही जाणतो. पण दहा पुड्यांसाठी तो पकडला जातो आणि ट्रकभर माल पाठविणारा मात्र कोठेच सापडत नाही.

नुसत्या बंदीने काय होते, याचा धडा भूतानने दिला आहे. त्या देशाने २००४ साली तंबाखूची विक्रीच बंद केली. २०१० चा कायदा इतका कडक, की थोड्याशा तंबाखूपायी एका तरुण भिक्षूस तीन वर्षांची कैद झाली. तरीही भारतातून चोरटा माल जातच राहिला, आणि अखेर २०२१ साली भूतानला विक्रीवरील बंदी उठवावी लागली. इतक्या दूर तरी कशाला जावे? १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हातभट्टीला जे दिवस आले, ते जुन्या पिढीने पाहिलेच आहेत.

मग बंदी उठवावी काय? आमचे उत्तर निःसंदिग्धपणे ‘नाही’ असे आहे. शाळकरी मुलाच्या डोळ्यांसमोर लोंबणाऱ्या रंगीबेरंगी पुड्यांच्या माळा, आणि बंदीपूर्वी सणासमारंभांतून मिरविणारी गुटख्याची नावे ही बंदीनेच मागे हटविली. शिवाय नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा निष्कर्ष आहे. ऐन तारुण्यात ज्याचे तोंड घास घेण्यापुरतेही उघडत नाही, त्याच्या घरच्यांना बंदी हवी की नको, हे विचारावे लागत नाही. बंदी हवीच, पण ती खरी हवी.

खऱ्या बंदीची लक्षणे सांगता येतात. वार्षिक आदेशाचा उपचार सोडून विधिमंडळाने व संसदेने कायमचा कायदा करावा. संपूर्ण देशात उत्पादनापासूनच बंदी घालता येते, हे २०१९ च्या ई-सिगारेटविषयक कायद्याने दाखविले आहे. कोल्हापूर व बेळगाव या दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनांनी एकत्र बसून मालाचा माग निर्मात्यापर्यंत न्यावा, आणि किती माल जप्त झाला याबरोबरच किती खटले शिक्षेपर्यंत पोचले, हेही जाहीर करावे. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. पण दंड केवळ २०० रुपयांपर्यंत! हा दंड नव्हे, परवान्याची फी झाली. व्यसन सोडू पाहणाऱ्यास दवाखान्यात आधार मिळावा, आणि घरोघरी मिश्री लावणाऱ्या आयाबहिणींचीही मुखतपासणी व्हावी. टपरीवर ज्यांचे पोट आहे त्यांना, आणि निपाणी परिसरात तंबाखूवर व विडीवर जगणाऱ्या शेतकरी-कामकरी स्त्रीपुरुषांना, दुसरा मार्ग दाखविण्याची जबाबदारी सरकारला टाळता येणार नाही. पोटाला पर्याय न देता केलेली बंदी फार काळ टिकत नाही.

उरला प्रश्न आपला. राजारामपुरीत शाळा आहेत, शिकवण्या आहेत, दवाखाने आहेत आणि सुशिक्षितांची वस्ती आहे. येथल्या गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. जिन्याच्या कोपऱ्यातील लाल पिचकाऱ्यांनी त्या ओळखल्या जाऊ नयेत. प्रत्येक गल्लीने आपल्या शाळेभोवतीचे १०० यार्ड स्वतः राखावेत. टपरीवाल्याशी भांडून नव्हे, तर शेजारी म्हणून त्याला समजावून. आणि तो ऐकत नसेल तर निर्भयपणे तक्रार करून. आपल्या मुलाला हटकणारे वडील आधी स्वतःच्या खिशातील पुडी टाकून देतील, तर त्यांच्या शब्दाला वजन येईल. सरकारी आदेश एका वर्षाने संपतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आचरणाला मुदत नसते. बंदी यशस्वी झाली की नाही, याचा निवाडा मंत्रालयात होणार नाही. शाळा सुटल्यावर एखादे पोर खिशातले पैसे पुढे करील, आणि टपरीवाला त्याला रिकाम्या हाती परत पाठवील, तेव्हाच तो होईल.