लुळ्या हाताचा हिशेब

ज्याचे हातावर पोट, त्याचा हातच गेला तर घर बसते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात कोणी आंबे काढताना झाडावरून पडतो, कोणी मुंबई-गोवा महामार्गावर मोटारसायकलवरून घसरतो. जीव वाचतो, हाडही मोडत नाही; पण खांद्यापासून हात लोंबकळू लागतो. घरचे म्हणतात, ‘मुका मार आहे, उतरेल.’ मग तेल, शेक, पट्टी, आणि या सगळ्यात वर्ष निघून जाते.

बंधू-भगिनींनो, हे वर्षच फार महागात पडते. मानेतून पाच मज्जातंतू निघतात, त्यांचे जाळे खांद्यातून हातात उतरते. पडताना मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला की हे तंतू ताणतात, कधी तुटतात, कधी मुळासकट उपटतात. नुसते ताणलेले तंतू पुष्कळदा आपोआप सुधारतात. तुटलेले तंतू मालिशने जुळत नाहीत.

आता साधा हिशेब मांडू. जोडलेला तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो. मानेपासून दंडाच्या स्नायूपर्यंत २५ सेंटिमीटर धरले, तर २५० दिवस झाले. इकडे हुकूम न मिळालेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होतो. म्हणून तंतू जोडायची शस्त्रक्रिया शक्यतो तीन ते सहा महिन्यांत व्हावी लागते.

मुदत टळली तर सगळे संपले का? नाही. दंडाचा स्नायू मेला, तरी शरीरातला दुसरा जिवंत स्नायू त्याच्या कामाला लावता येतो. पाठीचा रुंद स्नायू वळवून दंडात बसवतात. किंवा मांडीच्या आतल्या बाजूचा लांबट स्नायू काढून, सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या रक्तवाहिन्या जोडतात आणि त्याचा तंतू बरगडीच्या तंतूला जोडतात. मांडीचे चालणे त्याने अडत नाही. सुरुवातीला रोग्याने खोल श्वास घेतला की कोपर वाकते! पुढे सरावाने मेंदू शिकतो आणि श्वासाची गरज उरत नाही.

एका स्नायूचे काम दुसऱ्याकडे सोपवण्याची ही विद्या आपल्या देशात कुष्ठरोग्यांच्या हातांनी मोठी केली. त्या रोगात तंतू मरून बोटे आकडतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४८ च्या सुमारास चांगल्या स्नायूंच्या कंडरा, म्हणजे दोऱ्या, फिरवून अशी बोटे पुन्हा कामाला लावली. आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळच्या कोंढव्याला आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी हेच काम केले. ज्यांना लोक शिवायला तयार नव्हते, त्यांच्या हातांवर ही विद्या घडली, हे विसरू नये.

मात्र भलती आशा नको. हात पहिल्यासारखा होत नाही. कोपर वाकते, घास तोंडाकडे नेता येतो, वस्तू कवेत धरता येते. बोटांच्या बारीक कामाची खात्री नसते. वर्षभर व्यायाम करावा लागतो. सांधे आखडले तर नवा स्नायूही काही करू शकत नाही, म्हणून शस्त्रक्रियेआधीपासूनच दुसऱ्या हाताने लुळा हात रोज हलवत राहा.

दवाखान्यात ‘प्लास्टिक सर्जरी विभाग’ विचारा. तो केवळ रूप सुधारण्यासाठी नसतो. मुंबईत जे. जे., के. ई. एम. आणि शीव रुग्णालयांत असे विभाग आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन तेथील आरोग्यमित्राला विचारा. सगळे कागद जपून ठेवा; पुढे अपंगत्वाच्या दाखल्यालाही ते लागतात.

आपल्या वाडीत कोणी गळ्यात झोळी अडकवून बसला असेल, तर हळहळ करू नका. त्याला विचारा, ‘किती महिने झाले?’ आणि पुढच्या गाडीने त्याच्याबरोबर जा.