भाव कळला म्हणून धंदा बुडत नाही

खेड्यापाड्यांत स्वस्त फोन पोहोचला की माल देणारा चार ठिकाणी भाव विचारतो, आपला नफा जातो, अशी काही व्यापारी बांधवांची तक्रार असते. आम्हाला ती पटत नाही. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ दरम्यान मोबाईल आला. त्यापूर्वी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून तारली फेकली जाई, जवळच्याच बंदरावर तुटवडा असे. रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७ च्या अभ्यासानुसार, फोनमुळे मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला, ग्राहकाचा भाव ४ टक्के उतरला. वाया जाणारा माल योग्य बाजारात गेला, म्हणून दोघांचे भले झाले. तेव्हा आडगावच्या विणकराला, बागवानाला परवडेल असा फोन आणि इंटरनेट मिळावे, ही मागणी व्यापाऱ्यांनीच पुढे होऊन करावी.