विश्लेषण : युद्धनौका दुरुस्तीला गेली की नौसैनिक राहतात कुठे? तरंगत्या बराकींची गरज का?

युद्धनौका म्हणजे शेकडो नौसैनिकांचे घर. ही नौका दुरुस्तीसाठी गोदीत गेली, की वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहून जास्त काळ तिथेच अडकते. मग या माणसांनी राहायचे कुठे? अमेरिकेच्या नौदलाने यावर तरंगत्या बराकींचा मार्ग काढला असून, जुन्या बराकींच्या जागी नव्या घेतल्या आहेत.

दुरुस्तीच्या काळात नौकेवर राहणे कठीण का?

घरात फरशा बदलायला काढल्यावर काय होते, ते आठवून पाहा. युद्धनौकेवर हाच प्रकार काही पटींनी मोठा असतो. दिवसरात्र वेल्डिंग आणि ग्राइंडिंगचा आवाज, रंगाचा वास, धूळ. कधी वीज बंद, कधी पाणी, कधी वातानुकूलन. भटारखाना आणि स्वच्छतागृहेही आलटून-पालटून बंद ठेवावी लागतात.

मग सगळ्यांना बाहेर का हलवत नाहीत?

कारण नौका रिकामी सोडता येत नाही. पहारा, आगीवर नजर, रोजची देखभाल आणि प्रशिक्षण सुरूच असते. जुलै २०२० मध्ये सॅन डिएगो येथे दुरुस्तीसाठी थांबलेल्या ‘यूएसएस बोनोम रिशार’ला आग लागली. ती चार दिवसांहून अधिक काळ धुमसली आणि अखेर नौका भंगारात काढावी लागली. मुंबईच्या नौदल गोदीत २१ जुलै २०२४ रोजी दुरुस्ती सुरू असतानाच ‘आयएनएस ब्रह्मपुत्रा’ला आग लागली. त्यानंतर नौका एका बाजूला कलंडली आणि एका नौसैनिकाचा मृत्यू झाला. म्हणजे माणसे नौकेपासून लांब असून चालत नाही. पण नौकेवर राहणेही सोसत नाही.

तरंगती बराक म्हणजे नेमके काय?

हा एक मोठा बार्ज असतो. त्याला स्वतःचे इंजिन नसते. टगने ओढत आणून तो नौकेजवळच्या धक्क्याला बांधतात. वीज आणि पाणी किनाऱ्यावरून घेतले जाते. एक दुरुस्ती संपली की तोच बार्ज दुसऱ्या बंदरात नेता येतो. किनाऱ्यावरच्या इमारतीला हे जमत नाही.

‘बार्ज’ म्हटल्यावर मुंबईकरांना मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात बुडालेला ‘पी-३०५’ आठवेल. तोही कामगारांच्या निवासाचाच बार्ज होता. त्या दुर्घटनेत ७० हून अधिक जणांचा जीव गेला. फरक असा, की तो भर समुद्रात तेलक्षेत्राच्या कामावर होता. नौदलाच्या या बराकी बंदराच्या आडोशाला, धक्क्याला बांधलेल्या असतात.

अमेरिकेने काय खरेदी केले?

सप्टेंबर २०१८ मध्ये मिसिसिपीतील व्हीटी हॉल्टर मरीन या जहाजबांधणी कंपनीला दोन बार्जसाठी सुमारे ७.८ कोटी डॉलरचे कंत्राट देण्यात आले. त्यात आणखी बार्ज घेण्याची मुभाही होती. या ‘एपीएल-६७’ श्रेणीच्या आराखड्यात ६११ जणांची झोपण्याची सोय आहे : ७४ अधिकारी आणि ५३७ नौसैनिक. सोबत भोजनगृह, कार्यालये, वर्गखोल्या, धुलाईघर, दवाखाना, केशकर्तनालय आणि व्यायामशाळा. याआधी वापरात असलेले अनेक बार्ज दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले होते.

हा प्रश्न ऐरणीवर कसा आला?

‘यूएसएस जॉर्ज वॉशिंग्टन’ या विमानवाहू नौकेची मोठी दुरुस्ती व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथे ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झाली. ती चार वर्षांत संपणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात मे २०२३ उजाडला. काम सुरू असतानाच कनिष्ठ नौसैनिकांना नौकेवर राहावे लागत होते. एप्रिल २०२२ मध्ये काही दिवसांच्या अंतराने तिघा नौसैनिकांनी आत्महत्या केली. या घटनांचा एकमेकींशी संबंध नसल्याचे चौकशीत आढळले आणि अशा मृत्यूंना एकच कारण नसते. पण त्यामुळे गोदीतल्या राहणीमानाकडे देशाचे लक्ष गेले. दोनशेहून अधिक जणांना नौकेवरून हलवण्यात आले.

बराक घेतली म्हणजे प्रश्न सुटला का?

पूर्णपणे नाही. बार्जही गोदीतच असतो. तिथेही आवाज पोहोचतो, एकांत कमीच मिळतो. विवाहित किंवा वरिष्ठ कर्मचारी संध्याकाळी घरी जातात. मागे उरतात ते बहुतेक विशी-बाविशीतले, पहिल्याच नेमणुकीवर आलेले तरुण. त्यांच्यासाठी किनाऱ्यावर चांगली घरे हा अधिक सुखाचा उपाय ठरेल, पण मोठ्या गोदींच्या परिसरात जागा महाग असते आणि घर लांब असेल तर पहाऱ्याच्या पाळ्या सांभाळणे अवघड जाते. शिवाय बार्जचीही डागडुजी करावीच लागते.

दुरुस्ती जितकी लांबते, तितके दिवस या तरुणांचे घर गोदीतच राहते. त्यामुळे बराकी घेण्याइतकेच दुरुस्ती वेळेत संपवणेही महत्त्वाचे आहे. दुरुस्तीच्या खर्चाचा हिशेब मांडताना पोलाद, यंत्रे आणि मजुरी आधी मोजली जाते. माणसांच्या झोपेची आणि जेवणाची सोयही त्याच हिशेबात पहिल्या दिवसापासून धरायला हवी, हा या प्रकरणाचा धडा आहे.