लाइनमनचा जीव आणि गच्चीवरचं सोलर

‘पंतप्रधान सूर्यघर’ योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली, तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळू लागलं आणि गावोगावच्या गच्च्यांवर पॅनेलं चढली. तेव्हापासून एक आक्षेप वरचेवर कानावर येतो: लाइनमन वीज बंद केल्याचं परमिट घेऊन खांबावर असताना एखाद्या घराचं सोलर तारेत वीज सोडेल आणि त्याचा जीव जाईल. यामागची काळजी रास्त आहे. खांबावरच्या माणसाचा जीव आपण फार स्वस्त धरत आलो. पण बोट चुकीच्या यंत्राकडे दाखवलं जातंय.

ग्रिडला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर ग्रिडशिवाय चालतच नाही. समोरचा दाब आणि 50 हर्ट्झची वारंवारता पाहून तो आपली वीज तिच्याशी जुळवतो, आणि ती वारंवारता सतत किंचित ढकलूनही पाहतो. ग्रिड जिवंत असेल तर ती हलत नाही. ग्रिड गेलेली असेल तर लगेच भरकटते आणि दोन सेकंदांच्या आत इन्व्हर्टर बंद होतो. याची चाचणी आयएस 16169 या भारतीय मानकात घालून दिली आहे. एका डीपीवर, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर, अनेक घरांचं सोलर असेल आणि नेमकी तेवढीच वीज तिथे खपत असेल, तर ग्रिड गेल्याचं ओळखणं अवघड जातं, हे मान्य करायला हवं. म्हणूनच तार तपासून, अर्थ करून मगच हात घालायचा, हा सोलरच्या कितीतरी आधीचा नियम आजही सोडता येत नाही.

दुसरी तक्रार याच्या नेमकी उलट आहे आणि मला तीच अधिक घातक वाटते. ‘ऊन माझ्या गच्चीवर, पॅनेलं माझी, मग लाइट गेली की माझंच घर का बंद? फसवलं आम्हाला!’ कुणी फसवलेलं नाही. ज्या बंद पडण्याचा राग येतो, त्यानेच लाइनमन वाचतो. या रागापोटी कुणीतरी चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर थेट बोर्डात जोडून देतो. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज उलटी डीपीत जाते, आणि 11,000 व्होल्टचे 433 करणारा तोच ट्रान्सफॉर्मर पलीकडच्या तारेत हजारो व्होल्ट उभे करू शकतो. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा. तो आधी घराला ग्रिडपासून तोडतो.

सोलरचा स्वतःचा धोका आहेच, पण तो पॅनेल आणि इन्व्हर्टर यांच्यामधल्या डीसी तारांत आहे. तीन किलोवॅटसाठी ओळीने जोडलेल्या सहा पॅनेलांचा दाब जवळजवळ 300 व्होल्टपर्यंत जातो आणि ऊन आहे तोवर तो कोणत्याही बटणाने जात नाही. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी विझते. डीसीला ही उसंत नाही. दोन वेगळ्या बनावटीचे कनेक्टर एकमेकांत दाबून बसवले, डीसी पेटीत एसीचा एमसीबी घातला, पत्र्याच्या कडेवर केबल घासत राहिली, की तिथे ठिणगी धरते आणि जळत राहते. अशा आगी विरळा आहेत. पण ज्या लागतात, त्यांत जोडणीतल्या हलगर्जीचा वाटा मोठा असतो, आणि तो पूर्णपणे टाळता येण्याजोगा आहे.

गिऱ्हाईक मात्र पॅनेलची पंचवीस वर्षांची वॉरंटी विचारतं आणि सांधा कुणी जोडला ते विचारत नाही. पैसे चुकते करण्याआधी बसवणाऱ्याला अर्थिंग मोजून दाखवायला लावा, डीसी आयसोलेटर कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. आणि महावितरणने नेट मीटर बसवण्यापूर्वी गच्चीवरची डीसी पेटी उघडून पाहणं सक्तीचं करावं.